एक नळी, चार नावं

तुमसर तालुक्यातलं बपेरा हे महाराष्ट्राच्या अगदी काठावरचं गाव. पलीकडे मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा. काही वर्षांपूर्वी या गावातला एक मुलगा वडिलांची फाईल कापडी पिशवीत घालून माझ्याकडे आला. वडील बाहेर बाकावर बसले होते, त्यांना आत आणायची त्याची तयारी नव्हती. आधी त्याला एकट्याला काहीतरी विचारायचं होतं.

"साहेब, आमच्याच गल्लीतल्या काकाले मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. त्याचं सरळ ऑपरेशन झालं, दहा-बारा दिवसांत घरी आला. पिशवी नाही न काही नाही. आता आमच्या बाबाले बी मोठ्या आतड्याचाच सांगतात. मग यायले आधी सव्वा महिना शेक कशाले? अन् वरून पोटावर पिशवी? आजार एकच, तर इलाज दोन कसे जी?"

त्याच्या आवाजात राग होता आणि रागाच्या खाली भीती. आपल्याला कोणीतरी फसवतंय, जास्त पैसे काढायला बघतंय, असं त्या घरात ठरत आलं होतं. आणखी आठ दिवस गेले असते तर ते बाबांना घेऊन परत गेले असते, आणि मग कुठे गेले असते ते मी सांगायला नको.

मी फाईल उघडली. दुर्बिणीच्या तपासणीच्या कागदावर ‘रेक्टम’ असं स्पष्ट लिहिलं होतं, गुदद्वारापासून गाठ किती सेंटिमीटरवर आहे तो आकडाही होता. काकांचा कागद त्याने मोबाईलमध्ये फोटो काढून आणला होता. त्यावर होतं ‘असेंडिंग कोलन’. दोन वेगळे शब्द, दोन वेगळ्या जागा. पण दोन्ही घरांना मराठीत सांगताना डॉक्टरांनी एकच शब्द वापरला होता : मोठं आतडं. कोणी खोटं बोललं नव्हतं. दोन्ही गाठी मोठ्या आतड्यातच होत्या. तरी एवढ्या एका शब्दापायी एक माणूस उपचार सोडून निघाला होता.

ही पुस्तिका त्या मुलाच्या प्रश्नातून सुरू झाली. बपेरा-सिहोरा भागातल्या आशाताई, आरोग्यसेविका, शाळेचे मास्तर आणि ज्यांच्या घरात अशी फाईल आहे अशी माणसं, यांच्यासाठी ती लिहिली आहे. तिच्यात आजार पुष्कळ आहेत, पण त्या सगळ्यांच्या आधी एक साधी गोष्ट पक्की व्हायला हवी, म्हणून ही लांबलेली प्रस्तावना. ती गोष्ट अशी : सगळं कोलन हे मोठं आतडं आहे, पण सगळं मोठं आतडं म्हणजे कोलन नव्हे.

त्या दिवशी मी फाईलच्या पाठकोऱ्या कागदावर एक चौकट काढली. म्हटलं, ही धानाची बांधी समज. मधे जे गुंतवळ आहे ते लहान आतडं, सुमारे सहा मीटर लांब. आणि बांधीच्या कडेने जसा धुरा जातो तसं भोवतीने जातं ते मोठं आतडं, लांबीला जेमतेम दीड मीटर. मोठं म्हणतात ते जाडीमुळे. बेंबीच्या खाली उजव्या कोपऱ्यात लहान आतडं येऊन त्याला मिळतं. मिळतं ते टोकाला नाही, जरा वर. म्हणून खाली एक बंद पिशवी उरते. ती उंडुक, डॉक्टरी भाषेत सीकम. तिलाच करंगळीएवढं अपेंडिक्स लोंबतं. तिथून नळी उजव्या कुशीने वर यकृतापर्यंत जाते, तिथे वळून पोटावरून आडवी डावीकडे जाते, प्लीहेपाशी पुन्हा वळून डाव्या कुशीने खाली उतरते आणि ओटीपोटात शिरताना नागमोडी वळण घेते. चढतं, आडवं, उतरतं आणि नागमोडी, असे हे चार तुकडे मिळून कोलन. त्यापुढे माकडहाडाच्या पोकळीत टेकून बसलेला बारा ते पंधरा सेंटिमीटरचा भाग गुदाशय, म्हणजे रेक्टम. आणि शेवटचे तीन-चार सेंटिमीटर गुदमार्ग.

उंडुक, कोलन, गुदाशय, गुदमार्ग. चार मिळून मोठं आतडं. त्यात कोलन सगळ्यात लांब, म्हणून त्याच्या नावाने सगळी नळी ओळखली जाऊ लागली, एवढंच झालं आहे. आपल्या वैनगंगेला वर्धा मिळाली की पुढे त्याच पाण्याला प्राणहिता म्हणतात. पाणी तेच असलं तरी संगमाच्या खाली कोणी त्या नदीला वैनगंगा म्हणत नाही. नळीचंही तसंच आहे, फक्त तिचे संगम बाहेरून दिसत नाहीत.

आमच्या भागातल्या माणसाला हे समजवायला चित्रापेक्षा बकरा बरा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गावात बकरा पडतो आणि लहान पोरं भोवती उकिडवी बसून बघत असतात. मीही बसलो आहे. आतडी बाहेर काढली की एक मोठी हिरवट, लिबलिबीत बंद पिशवी दिसते. बोटाने दाबली तर आत नुसता पातळ लगदा. ते बकऱ्याचं उंडुक. तिथून निघालेलं कोलन जिलबीसारखं गोल गोल वळलेलं असतं. त्या जिलबीच्या आतल्या वेढ्यांत माल अजून मऊ असतो, बाहेरच्या वेढ्यांकडे येता येता त्याच्या गाठी बनू लागतात, आणि शेवटी पातळ पडद्याआड लेंड्या एकामागे एक, माळेत मणी ओवल्यासारख्या दिसतात. एवढ्या वेढ्यांत लगद्याची लेंडी झाली. मधलं पाणी कुठे गेलं? ते आतड्याने शोषून घेतलं. कोलनचं मुख्य काम याहून चांगलं मला कुठल्याही तक्त्यावर दाखवता आलेलं नाही.

माणसाच्या कोलनला अशी जिलबी नसते, पण काम तेच. रोज खाण्या-पिण्यातून आणि पाचकरसांतून मिळून आठ-नऊ लिटर द्रव आपल्या लहान आतड्यात उतरतो. बहुतेक तिथेच शोषला जातो. सुमारे दीड लिटर उंडुकात पोचतो आणि मलातून बाहेर पडतं ते पाणी असतं शे-दोनशे मिलिलिटर. बाकीचं कोलन परत रक्तात घालतं. शिवाय अन्नातला जो चोथा आपल्याला पचत नाही तो तिथले जंतू आंबवतात, आणि त्यातून तयार होणारी आम्लं आतड्याच्या अस्तराच्या पेशींना खाद्य म्हणून उपयोगी पडतात. या कामात अन्नाचा एक दिवस, कधी त्याहून जास्त वेळ जातो.

गुदाशयाचं काम अगदी निराळं. तो एरवी बहुधा रिकामा असतो. कोलनकडून माल आला की तो ताणला जातो, आणि हा ताण म्हणजेच आपल्याला लागलेली हाजत. थांबायचं की जायचं, याचा निरोप तिथून मेंदूकडे जातो. गुदमार्गाचं काम आणखी नाजूक. खाली आलेला वारा आहे, पातळ आहे की घट्ट आहे, हे तो ओळखतो. चारचौघांत बसलेला माणूस निर्धास्त असतो तो या तीन-चार सेंटिमीटरच्या जिवावर. म्हणून कोलनचा एखादा हात काढून टाकला तरी माणूस पुढे जवळजवळ पहिल्यासारखा जगतो, आणि गुदमार्गाचं झडपेसारखं स्नायूचं कडं गेलं तर पोटावर कायमची पिशवी येते. काका आणि बाबा यांच्यातला अर्धा फरक इथेच आहे.

शस्त्रक्रिया करताना आम्ही या सीमा कशा ओळखतो? मोठ्या आतड्याच्या बाहेरून, लांबीच्या दिशेने, स्नायूच्या तीन पट्ट्या धावतात. घागऱ्याच्या नेफ्यात नाडी ओढली की कापडाला चुण्या पडतात, तसं या पट्ट्या आखूड असल्यामुळे कोलनला फुगवटे येतात. वर पिवळ्या चरबीचे छोटे गोंडे लोंबत असतात. उंडुकावर या तिन्ही पट्ट्या एकत्र येतात ती नेमकी अपेंडिक्सच्या मुळाशी. अपेंडिक्स दडून बसलं असेल तर शिकाऊ सर्जनला पहिला धडा मिळतो तो हाच, पट्टी धरून खाली ये. दुसऱ्या टोकाला, नागमोडी कोलन संपतं तिथे, या पट्ट्या पसरून एकमेकींत मिसळतात. फुगवटे थांबतात, गोंडे थांबतात, नळी सपाट होते. तिथे कोलन संपलं आणि गुदाशय लागला. ज्यांनी हे एकदा डोळ्यांनी पाहिलं त्यांना दोन्हींना एक नाव देणं पुढे जड जातं.

आणखी एक फरक बपेऱ्यासारख्या गावात जीव घेणारा आहे. चढतं आणि उतरतं कोलन पाठीच्या भिंतीला चिकटलेलं असतं. आडवं आणि नागमोडी मात्र पडद्याला टांगलेलं, मोकळं. जे मोकळं असतं त्यालाच पीळ पडू शकतो. नागमोडी कोलन लांब असलं, त्याच्या पडद्याचं मूळ अरुंद असलं, की ते स्वतःभोवती फिरतं आणि वाट बंद होते. पोट ढोलासारखं फुगतं, वारा सरत नाही, संडास होत नाही. मराठीत आपण जीव तुटला की ‘आतड्याला पीळ पडला’ म्हणतो. हा पीळ खरा असतो, आणि वेळेत सुटला नाही तर काही तासांत आतडं काळं पडतं. अशा माणसाला जुलाबाचं औषध द्यायचं नसतं, पोट चोळायचं नसतं, गाडीत घालून थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं असतं. पुष्कळदा तिथे खालून नळी घालून पीळ तात्पुरता सोडवता येतो, ऑपरेशन मग सवडीने. गुदाशय हाडाच्या पोकळीत जखडलेला असल्याने त्याला असा पीळ पडत नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. काकांची गाठ चढत्या कोलनमध्ये होती. पोटाची पोकळी ऐसपैस असते. गाठीच्या दोन्ही बाजूंनी चांगलं वीतभर आतडं आणि त्याच्या पडद्यातल्या गाठी सर्जनला मोकळ्या हाताने काढता येतात. काकांचं उंडुक आणि कोलनचा उजवा भाग काढला, लहान आतडं आडव्या कोलनला जोडलं, काम झालं. बाबांची गाठ गुदाशयात, तीही खालच्या भागात. तिथे मागे माकडहाड, पुढे मूत्राशय आणि प्रोस्टेट, बायकांमध्ये गर्भाशय आणि योनी, दोन्ही अंगांना कंबरेच्या हाडाची भिंत. जागा नरसाळ्यासारखी निमुळती. गाठीच्या कडेला चार मिलिमीटर मोकळे ठेवणंही अवघड. एक पेशी मागे राहिली तर आजार त्याच जागी पुन्हा डोकं काढतो. म्हणून अशा गाठीला पुष्कळदा आधी किरणोपचार आणि सोबत औषध देऊन आकसवतात. लोक ज्याला ‘शेक’ म्हणतात तो हाच, सहसा पाच-साडेपाच आठवड्यांचा. मग काही आठवडे थांबून शस्त्रक्रिया. पोटात कोलनला असा शेक सहसा देत नाहीत, कारण भोवतीचं लहान आतडं सतत हलत असतं आणि किरण त्याला जाळतात. गुदाशय जागचा हलत नाही, म्हणून तिथे नेम धरता येतो.

हे ऐकल्यावर तो मुलगा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे काकाचा धुऱ्यावर होता, बाबाचा पाणी निघते त्या तोंडावर." मी इतकी वर्षं शिकवतो आहे, मला इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं. बाबा नागपूरला गेले, शेक पूर्ण घेतला.

महाराष्ट्रात एक ऑपरेशन असं झालं की त्याची बातमी देशभर पोचली, आणि तेही मोठ्या आतड्याचंच होतं. गांधीजी १९२२च्या मार्चपासून सहा वर्षांची शिक्षा भोगत येरवड्याच्या तुरुंगात होते. जानेवारी १९२४मध्ये त्यांच्या पोटात दुखू लागलं, ताप आला, अपेंडिक्सचं निदान झालं आणि १२ जानेवारीच्या रात्री त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवून कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. सरकारी डॉक्टरच्या हातून काही बरंवाईट झालं तर लोक पेटतील, ही भीती दोन्हीकडे होती. उदारमतवादी नेते श्रीनिवास शास्त्री तिथे होते आणि आपली संमती आहे असं निवेदन गांधीजींनी त्यांच्यासमोर सही करून दिलं. ऑपरेशन चालू असतानाच वीज गेली आणि शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात झालं. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना मुदतीआधीच सोडून दिलं. या घटनेचं राजकारण पुष्कळांनी लिहिलं आहे. मला तिच्यातली शरीररचना महत्त्वाची वाटते. अपेंडिक्स उंडुकाला लोंबतं. उंडुक मोठ्या आतड्याचा पहिला भाग आहे, पण शरीररचनेच्या काटेकोर हिशेबात ते कोलन नव्हे. कोलन त्याच्या वर सुरू होतं. म्हणजे त्या रात्री पुण्यात मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि कोलन जागच्या जागी सुखरूप राहिलं.

आपल्याकडे हा भेद परक्या भाषेतून आला, असं कोणी समजू नये. चरकसंहितेत कोष्ठातल्या पंधरा अंगांची यादी आहे. तिच्यात क्षुद्रांत्र आणि स्थूलांत्र वेगळी मोजली आहेतच, शिवाय उत्तरगुद आणि अधरगुद ही आणखी दोन वेगळी. लहान आतडं, मोठं आतडं, आणि शेवटच्या भागाची पुन्हा दोन नावं. सुश्रुत तर सांगतो की गुद हा स्थूलांत्राला जोडलेला साडेचार अंगुळांचा भाग, आणि त्यात तीन वळ्या आहेत : प्रवाहणी, विसर्जनी, संवरणी. लोटणारी, सोडणारी, आवरणारी. या तीन नावांत गुदमार्गाचं सगळं काम येऊन गेलं. आतड्यांची लांबी तो पुरुषात साडेतीन व्याम सांगतो, म्हणजे दोन्ही हात पसरून साडेतीन वेळा, आणि स्त्रीत अर्धा व्याम कमी. हे त्याला कसं कळलं, तेही त्याने लिहून ठेवलं आहे. प्रेत गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं, आणि मग कुजलेले थर कुंचल्याने हळूहळू घासत एकेक अवयव डोळ्यांनी पाहायचा. उंडुक हा शब्दही त्याच परंपरेतला, मलाची विभागणी तिथे होते असं सुश्रुत म्हणतो. इतके नेमके शब्द घरात असताना आपण सगळ्याला एकच ‘मोठं आतडं’ म्हणत बसलो, याचं मला वाईट वाटतं. जुने शब्द जसेच्या तसे आज रुग्णाच्या तोंडी येणार नाहीत हे मलाही कळतं. पण वेगळ्या गोष्टीला वेगळं नाव द्यावं, ही शिस्त आपलीच होती.

डॉक्टर मंडळींनीही गोंधळ कमी घातलेला नाही. आजारांची जगभर वापरली जाणारी यादी, तिच्या दहाव्या आवृत्तीत, कोलनच्या कॅन्सरला ‘सी १८’ हा क्रमांक देते आणि उंडुक व अपेंडिक्स त्याच क्रमांकात घालते. कोलन आणि गुदाशय यांच्या सांध्याला ‘सी १९’, गुदाशयाला ‘सी २०’, गुदमार्गाला ‘सी २१’. शरीररचनेच्या वर्गात उंडुक कोलनबाहेर, कॅन्सरच्या नोंदवहीत कोलनच्या आत. यात चूक कोणाची नाही, दोघांचं काम वेगळं आहे. उंडुकाच्या गाठीचे उपचार कोलनसारखेच होतात, म्हणून नोंदवहीने ते जवळ केलं. पण लक्षात घ्या, गुदाशयाला मात्र त्या नोंदवहीनेही वेगळंच ठेवलं. जिथे उपचार बदलतात तिथे क्रमांक बदलतो. एवढं कळलं तरी आपली फाईल आपल्याला निम्मी वाचता येते.

‘कोलायटिस’ हा शब्द तर आता गावोगाव झाला आहे. वारंवार संडासला जावं लागतं, पोटात कळ येते, की माणूस स्वतःच सांगतो, मला कोलायटिस आहे. कोलायटिस म्हणजे कोलनला आलेली सूज, घाव. यातल्या बहुतेकांचं कोलन दुर्बिणीने पाहिलं तर अगदी स्वच्छ असतं. त्यांचं आतडं चिडखोर असतं, आजारी नसतं. आणि ज्याला खरंच व्रणांचा कोलायटिस असतो, त्याचा आजार नाव कोलनचं घेतो पण सुरू होतो जवळजवळ नेहमी गुदाशयापासून, आणि तिथून वर चढत जातो. आवेचे जंतू उलट उंडुक आणि चढत्या कोलनमध्ये घर करतात. आतड्याच्या टीबीची आवडती जागा लहान आणि मोठ्या आतड्याचा सांधा. प्रत्येक आजाराला आपापला मुक्काम असतो.

सगळ्यात जास्त माणसं आम्ही गमावतो ती मात्र ‘मूळव्याध’ या शब्दापायी. तुमसर-भंडारा रस्त्याने जाताना भिंतींवर बघा : मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन. संडासातून रक्त गेलं की घरातला, दुकानातला, बाजारातला प्रत्येक जण तेच नाव घेतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. मूळव्याधीचं रक्त लालभडक, संडास झाल्यावर थेंब थेंब टपकणारं. पण रक्त मलात कालवलेलं असेल, सोबत शेंबूड असेल, जाऊन आल्यावरही पोट मोकळं झालं नाही असं वाटत असेल, वर्षानुवर्षांची वेळ आणि सवय गेल्या महिन्या-दोन महिन्यांत बदलली असेल, तर ती मूळव्याध असेलच असं धरून चालू नका. आणि एक समज मनातून काढून टाका, की दुखत नाही म्हणजे काही विशेष नाही. गुदमार्गाच्या खालच्या अर्ध्यात कातडीसारखी जाण असते, म्हणून तिथली भेग डोळ्यांत पाणी आणते. त्याच्या वर गुदाशयाला आणि कोलनला कापल्याचं, भाजल्याचं दुखणं कळत नाही, फक्त ताण कळतो. कॅन्सरची गाठ तिथे महिनोन्महिने बसून राहते आणि दुखत नाही. न दुखणं हाच तिचा धोका.

बाबांचं रक्त चौदा महिने जात होतं. तेवढ्या काळात त्यांनी तीन ठिकाणची पुड्या-मलमं केली. त्या चौदा महिन्यांत कोणीही, कोणीही, हातमोजा घालून बोट आत घालून तपासलं नव्हतं. बोट सात-आठ सेंटिमीटरपर्यंत पोचतं आणि गुदाशयाच्या खालच्या गाठी त्याला लागतात. यंत्र नको, वीज नको, नागपूर नको. तपासणारा लाजतो, तपासून घेणारा लाजतो, आणि मधल्या मधे वर्ष जातं. बायकांच्या बाबतीत तर हे बोलणंच घराबाहेर येत नाही. म्हणून आशाताईंना मी हात जोडून सांगतो, हा विषय चुलीपाशी तुम्हीच काढा.

कोलनच्या उजव्या बाजूची गाठ आणखी फसवी. तिथे माल पातळ असतो, वाट रुंद असते, त्यामुळे अडथळा लवकर येत नाही. रक्त थोडं थोडं झिरपतं, मलात मिसळून जातं, दिसतच नाही. माणूस फक्त पांढरा पडतो, दम लागतो, निंदणीला गेलं की बसावंसं वाटतं. आमच्या पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, बायकांमध्ये रक्त कमी असणं तर नित्याचंच. त्यामुळे रक्त कमी म्हटलं की लोहाच्या गोळ्या देऊन सगळे मोकळे होतात. पण पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाचं, किंवा पाळी थांबलेल्या बाईचं रक्त नव्याने कमी झालं असेल, तर ते कुठून जातंय हे शोधलंच पाहिजे. गोळी त्या शोधाची जागा घेऊ शकत नाही. आपल्याकडे या कॅन्सरचं प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा कमी आहे, हे खरं. पण आपल्या रुग्णांत चाळिशीच्या आतल्यांचा वाटा मोठा आहे, हेही तितकंच खरं. सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचा कॅन्सर पाहतात, मोठ्या आतड्याचा नाही. तेव्हा इथे पहिला पहारा घरच्यांनीच ठेवायचा आहे. आतड्याच्या अस्तरावरच्या साध्या कोंबापासून, म्हणजे पॉलिपपासून, कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात, आणि तो कोंब दुर्बिणीतूनच कापून काढता येतो. एवढी सवड फार थोडे आजार देतात.

पुढच्या पानांत मी मोठं आतडं हा शब्द सगळ्या नळीसाठी ठेवला आहे, आणि कोलन हा शब्द फक्त कोलनसाठी. रेक्टमला गुदाशय म्हटलं आहे, सीकमला उंडुक. कोलनला मराठी शब्द घडवायचा मोह आवरला, कारण फाईलवर, दुर्बिणीच्या कागदावर, नागपूरच्या डॉक्टरच्या तोंडी तोच शब्द येणार आहे आणि वाचणाऱ्याला तो ओळखता यायला हवा. चित्रं हाताने काढली आहेत. ती सुबक नाहीत, पण त्यांत बांधीचा धुरा आहे.

पोटावरच्या पिशवीवर एक वेगळं प्रकरण आहे, कारण त्या पिशवीच्या भीतीने जितके लोक उपचार सोडतात तितके दुसऱ्या कशाने सोडत नाहीत. पिशवी लावून माणूस शेती करतो, लग्नाला जातो, एसटीने प्रवास करतो. बाबा पुढच्या हंगामात धान कापणीच्या वेळी स्वतःच्या धुऱ्यावर उभे राहून मजुरांना हाका मारत होते, हे मी पाहिलं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड, आधार आणि फाईल सोबत ठेवा, दवाखान्यात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला गाठा.

आणि कोणी तुम्हाला ‘मोठ्या आतड्याचा आजार आहे’ एवढंच सांगितलं, तर खुर्चीवरून उठू नका. विचारा : कोलनमध्ये की गुदाशयात? गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर? उत्तर फाईलच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून घ्या.